बाटली क्रमांक सात

मेतरांच्या बावीचं पाणी मी बाटलीत धरलं
तेव्हा आरपार जयवंतीकाकूच्या लुगड्याची चौकट दिसत होती.
"मे म्हयन्यात सुदिक आटूक नाय कधी," ती म्हणाली.
खरंच होतं.
रापण ओढून आलेल्यांना तीच पाजते,
हातावर गुळाचा खडा ठेवून.

अकरा जणांना कावीळ.
वहीत मी आधी नावं लिहिली, मग घरं,
मग पाण्याला जायच्या वाटा.
बावीपासून बारा पावलांवर
सुनेसाठी हौसेने बांधलेला नवा संडास.
जांभा दगड. वरून घट्ट,
आतून सगळा भोकाभोकांचा.

उपकेंद्राच्या फळीवर सात बाटल्या ठेवल्या.
दुसऱ्या सकाळी सहा तशाच,
सातवी काळी,
माकुल फुटल्यासारखी.

वर्तमानपत्रात गुंडाळून नेली.
तिने उन्हात धरून पाहिली, हलवून पाहिली.
वास घेऊ दिला नाही मी.
"माझ्याच हातान?"
पाण्यातून, मी म्हटलं.
"पण तांब्यो माझोच मा?"
याला माझ्या वहीत रकाना नव्हता.

रहाटाचा दोर तिने उतरवला,
होडीचा गुंडाळतात तसा गुंडाळला.
बराच वेळ गेला.
"उकळून दिलंय तर चलात?"

आता बावीशेजारी चूल आहे,
भात उकडायचा टोप, खाली नारळाच्या सोडणांचा धूर.
रापणकर कुरकुरतात, कोमट पाण्याने तहान जात नाही म्हणून.
ती गूळ तळहातावर ठेवते,
आणि आधी त्यांना
हात धुवायला लावते.