चहा असावा

आई आत आली नाही.
समोरच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली.
म्हणाली, तू जाऊन ये.
मी तिथे बरीच वर्षं होते,
तिकीट न काढता.

वेलीनं झाकलेलं घर, तिरानाच्या भर वस्तीत.
इथून जाताना लोक माना खाली घालत,
म्हणून कित्येकांना ते दिसलंच नाही म्हणे.

पहिल्या खोलीत टेपची चाकं, ताटाएवढी.
इयरफोनच्या गाद्या झिजलेल्या
कुणाच्या तरी कानांनी, आठ आठ तास.

दुसऱ्या खोलीत एक झाडू.
साधाच. दांड्याला चीर,
चिरेत नखाएवढं यंत्र.
याला आम्ही ढेकूण म्हणायचो, गाइड सांगते,
आणि शाळेच्या सहलीतला एक मुलगा
मान खाजवतो.

असाच झाडू सोतिरमामानं आणला होता कोर्च्याहून.
असाच म्हणते मी. तोच, असं म्हणत नाही.
सहा वर्षं त्यानं घर झाडलं,
कचरा गेला, त्याबरोबर बाकीचंही गेलं.
मामा वारला तेव्हा आई दोन दिवस जेवली नाही.
विचारायचं राहून गेलं म्हणून,
की विचारावं लागलं नाही म्हणून,
ते मीही विचारलं नाही.

शेवटच्या खोलीत काचेखाली एक पान, हातानं लिहिलेलं.
नावांवर काळ्या पट्ट्या.
खोकल्यावर पट्टी मारायची मात्र राहिली:

२३.२०. पुरुष खोकतो. तीन वेळा. थांबून पुन्हा एकदा.
२३.२५. स्त्री: खिडकी लाव.
२३.३०. पाणी उकळते आहे. चहा असावा.

तीन, मग थांबून एक.
बाबा असेच खोकायचे,
आपल्याच घराचं दार वाजवल्यासारखे.

चहा!
पातेल्यात अंडी एकमेकांवर आपटत होती,
कांद्याच्या सालींत लाल होत होती.
देवाला बंदी होती त्या एप्रिलात,
आणि मी टेबलाखाली बसून मोजत होते: चार.
टक्. टक् टक्.
झाडू चुलीपासून दीड हातावर टेकलेला.
ज्याला पांघरूण ओढल्याचा आवाज कळायचा
त्याला अंडी कळली नसतील?
की त्याच्याही घरी
कुणी तरी रात्रीच सोलायचं कांदे?

काचेवर माझा श्वास साचला.
रखवालदारानं पुसायला फडकं आणलं.

बाहेर आल्यावर आईला सांगितलं.
ती बराच वेळ बोलली नाही.
त्या वर्षी चहा कुठला घरात, म्हणाली.
मग: अक्षर कसं होतं?

गोल. शाळेतल्यासारखं. ओळ जराशी वर चढलेली.

पोरगेला असेल, आई म्हणाली,
आणि पर्स उघडून
बसचे सुटे पैसे मोजायला लागली.