सांध्याची रेघ

पुण्यातल्या मुलाखतीत मी म्हणाले,
"मी येतो उद्या कागद घेऊन,"
तर टेबलापलीकडच्या बाई हसल्या.
आमच्या येळ्ळूरात बायकाही येतो-जातोच म्हणतात.
तेव्हापासून प्रत्येक वाक्य
बाहेर काढण्याआधी मी कानशीनं घासायची.

आखेनला पहिल्याच आठवड्यात कळलं,
यांच्या 'मी येते'त बाई नाही, बाप्या नाही,
नुसतं येणं.
बसच्या थांब्यावर एकटीच हसत बसले.

मग ओतकामाची प्रयोगशाळा.
बाबा तेवीस वर्षं उद्यमबागेत साचे भरतात.
मुठीत वाळू दाबतात, मोडतात, तुकड्याची कड बघतात,
"बरी हाय." किंवा, "पाणी लई झालंय, भरमा."
(स्वतःशी बोलताना ते स्वतःला नावानं हाक मारतात.)
मीही मूठ दाबली. मोडली.
मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हणाले, ओली आहे.
यंत्र म्हणालं, नाही.

फ्राऊ ब्रांट हसल्या नाहीत.
वहीत लिहिलं: हात चुकला. का?
आमच्या शाळेत चूक म्हणजे लाल शाई आणि विषय संपला.
इथे चुकीपुढे प्रश्नचिन्ह,
आणि त्यापुढे दोन कोरी पानं, माझ्यासाठी.
ती भरायला मला अख्खा हिवाळा लागला.
त्यांची वाळू बारीक, माती निराळी, खोली थंडगार;
माझ्या हाताला फक्त उद्यमबागेतलं ऊन माहीत.

शेजारच्या खोलीत महादेवी हुक्केरी, गोकाकची.
बेळगावात माझी कन्नड बँकेच्या खिडकीपुरती,
तिची मराठी भाजीबाजारापुरती.
जानेवारीत मला ताप चढला,
तिनं दारातून विचारलं, "ऊटा आयता?"
आणि मी रडले, मराठीत.
मग ती मक्याच्या पिठाची भाकरी थापायची,
जी तव्यावर पडायच्या आधीच फाटायची.
तिला आम्ही दोन्ही नावांनी बोलावून पाहिलं.
कुठल्याच नावानं ती फुगली नाही.

एका रविवारी बसनं हॉलंडला गेलो.
मी खिडकीला नाक लावून हद्द शोधत होते.
"गेली," महादेवी म्हणाली.
"कधी?"
"त्या बेकरीपाशी, बहुतेक."
पुढे बराच वेळ दोघीही गप्प.
दोघींच्या मनात एकच गाव होतं,
दोन नावांचं.

शेवटच्या महिन्यात
मी एक ओतीव तुकडा कापला, अगदी सांध्यावर,
वरची पेटी खालच्या पेटीला भेटते तिथे.
बाहेरून बोटाला लागते ती रेघ,
बाबांचा अर्धा दिवस ती ग्राइंडरवर घासण्यात जातो.
सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं.
अलीकडे जे कण, पलीकडे तेच.
रेघ कुठे आत गेलेलीच नव्हती.
अहवालात हे एका ओळीत मावलं.

बाबा सांबऱ्याला न्यायला आले, इस्त्रीचा शर्ट घालून.
आईनं फोनवर नऊ महिने विचारलं तेच समोर विचारलं,
"काय करालीस गं?"
"आलो की," मी म्हणाले.
घासायचं राहूनच गेलं.

सोमवारी कारखान्यात मी एक वही नेली
आणि विचारलं, बाबा, वाळू ओली हे हाताला कळतं कसं?
"कळतंय म्हणजे कळतंय."
का?
दुपारपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.
यल्लाप्पा मेस्त्री म्हणाले, पोरगी परदेशी जाऊन उलटतपासणी शिकून आली.

चहाला बाबाच शेजारी येऊन बसले.
"ती हद्द म्हणत होतीस. बस थांबत न्हाई?"
नाही.
"आन् तिकीट?"
तेच चालतं.
बशीत फुंकर मारत बराच वेळ गेला.
"मग बोर्ड? बोर्ड कुठल्या भाषेत?"

मला आठवेना.
नऊ महिने राहिले, खरंच आठवेना.

ते उठले, ढिगातून मूठभर वाळू घेतली,
दाबली, मोडली, कड उजेडात धरली.
"लिही. पाणी लई."
मी तारीख घातली, वेळ घातली,
त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहिलं,
आणि शेजारी एक रकाना
मापासाठी मोकळा ठेवला.