पालीला, कुणाकडे

ऑफिसात सांगितलं, गोव्याला चाललेय.
आले भाईंदरपर्यंत, आणि तिथून बसने
उत्तनच्याही पुढे, पालीला.
कंडक्टरने विचारलं, "कुणाकडे?"
हे सांगितल्याशिवाय इथे उतरता येत नसावं.
एर्मेलिनबाईंकडे, म्हटलं.
त्याने मान हलवली, तोंडी परीक्षेत पास केल्यासारखी.

वरची खोली. खिडकीला हिरवे गज.
भिंतीवर क्रूस, त्याखाली जहाज कंपनीचं कॅलेंडर,
मागच्या वर्षीच्या ऑगस्टवर थांबलेलं.
"माझ्या जासिंतची खोली. तो मोठ्या बोटीवर असतो,
गोऱ्यांना जेवण वाढतो.
कपाट तेवढं उघडू नको गो, सगळं अंगावर येईल."
पलंगावर बसले. गादीत मधोमध एक खळगा,
माझ्याहून वीतभर उंच माणसाचा.

समुद्र मला हवा होता तसा नव्हता.
निळा तर नाहीच.
ओहोटीला तो इतका मागे जातो
की आपलंच काही चुकलं असं वाटावं.
मागे राहतो चिखल, काळे खडक, एकच चप्पल,
खेकड्यांनी वळून ठेवलेल्या वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या.
वलांडीवर बोंबील,
जबड्यात जबडा अडकवून, जोडी-जोडीने वाळणारे.
त्यांचा वास पहिल्या दिवशी डोळ्यांत गेला,
दुसऱ्या दिवशी केसांत,
तिसऱ्या दिवशी मला कुणी विचारलं असतं
तर म्हणाले असते, कसला वास?

दुपारी गल्ली पडदे ओढून घेते.
उलट्या होडीच्या सावलीत कुत्रं, कुत्र्याच्या सावलीत मांजर.
जाळं विणणारा म्हातारा सुईवरून नजर न काढता म्हणतो,
"जेवलीस?"
बघण्यासारखं काय आहे इथे, मी विचारते.
तो खरंच विचार करतो. बराच वेळ.
मग म्हणतो, "संध्याकाळी बर्फाची गाडी येते."

मी गेले बघायला.
लाद्या घसरत होत्या, पोरं तुकडे पळवत होती,
एक तुकडा माझ्याही हातात आला.
चर्चची घंटा झाली तेव्हा सगळे क्षणभर थांबले,
बर्फ तेवढा वितळत राहिला.

रात्री साडेनवाला फोन वाजतो.
तिकडे भर दुपार असते, कॅरिबियनमधल्या कुठल्याशा बेटावर,
ज्याचं नाव बाई रोज वेगळं सांगतात.
तिसऱ्या रात्री त्यांनी फोन स्पीकरवर टाकून
माझ्या समोर धरला. आवाज घोगरा, हसरा.
"माझी खिडकी नीट लागते का?"
थोडी उचलून लावावी लागते, म्हटलं.
"हां. डावीकडून."

मग आपणहून सांगत सुटला:
उतारू सगळे छत्र्यांच्या किनाऱ्यावर गेले,
मी उलटा चालत निघालो, वीसेक मिनिटं.
एक गल्ली लागली. रंगीत घरं, ओटे, होड्या पालथ्या,
पायरीवर एक बाई मासळी साफ करत होती,
शेजारी मांजर, अगदी आपल्या पायरीवरचं.
तिने काहीतरी विचारलं.
भाषा पुरी कळली नाही, पण प्रश्न कळला:
कुणाकडे आलास?
"मग?" बाईंनी विचारलं.
मग काय, कुणाकडेच नाही, म्हणालो.
तिने खुर्ची आणून दिली. प्लॅस्टिकची, लाल,
एक पाय जरा आखूड.
बारा मिनिटं बसलो, आई. मग भोंगा झाला.

एर्मेलिनबाई काही बोलल्या नाहीत.
फोन पदराला पुसून कपाटावर ठेवला,
आणि खाली जाऊन भांड्यांचा बराच आवाज केला.

त्या रात्री मी खळगा सोडून कडेला झोपले.
भरती खिडकीच्या खालीच आल्यासारखी वाटत होती.

निघताना त्यांनी सुके बोंबील बांधून दिले,
वर्तमानपत्रात, त्यावर पिशवी, त्यावर आणखी एक पिशवी.
परतीच्या बसचा कंडक्टर दुसराच होता,
त्याने काहीच विचारलं नाही.

सोमवारी, वाशीला, एसी सुरू झाल्यावर
एकेकाने मान वर केली.
"गोव्याला असा वास येतो?"
म्हटलं, येतो.
मागच्या बाजूला. उलटं चालत गेलं की.