खालची पापणी

डब्यात काय, म्हणून कंडक्टरनं विचारलं
मांढळच्या गाडीत.
लेंड्या, म्हटलं. बकरीच्या.
तो हसला, मग खरंच हुंगून पाहिलं
आणि मागची सीट दिली, एकटीची.

सेमिनरी हिल्सच्या प्रयोगशाळेत
एका पोरीनं त्या मिठाच्या पाण्यात घोळल्या,
काचेखाली अंडी मोजली.
औषध पाजून चौदा दिवस झाले होते.
अंडी तितकीच.
ती काही बोलली नाही,
आकडा फक्त दोनदा लिहिला.

तीन वर्षं मीच पाजत होते ते.
आखाडी आली की अख्खा कळप, सरसकट,
एकच नळी, एकच माप,
बोकड अन् पाठ एकाच अंदाजानं.
जे जंत मेले ते मेले.
उरले त्यांनी आत गाव वसवलं.

आता पाच रंगांचं कार्ड आहे माझ्याकडं.
झेलाबाई नेवारेच्या कोठ्यात
बकरीचं डोकं मांडीत धरते,
अंगठ्यानं खालची पापणी उलटवते.
पिकलं तोंडलं फुटावं तशी लाल. सोड.
ही पण लाल. सोड.
ही मात्र ताकात धुतल्यासारखी,
जबड्याखाली पाण्याची थैली लोंबलेली.
हिला पाजायचं. वजन करून.

"अन् बाकीच्यायच्या पोटातले?"
राहू दे.
"राहू दे? पोसाचे का मंग त्यायले?"

कसं सांगायचं,
की औषधाला भिणारे थोडे जंत असू द्यावे लागतात,
नाहीतर न भिणाऱ्यांचीच पैदास होते,
त्यांचंच राज्य येतं.
झेलाबाईनं खर्रा गालात सरकवला.
"मंग आमच्या सोसायटीतून
काहून काहाडले भिणारे सारे?"

मी वजनकाटा टांगला.
दव उतरल्यावर सोडत जा, म्हटलं,
गवत चार बोटं उरलं की धुरा बदल.
ती ऐकत होती की नाही, कोण जाणे.

पोळ्यानंतर गेले
तर तेरापैकी दोघींनाच औषध लागलं.
कार्ड तिनंच धरलं होतं,
रंग तिनंच सांगितले, मी नुसत्या खुणा केल्या वहीत.
मग ती माझ्याकडं वळली.
"बस इथं. वर पाह्य."

अंगठ्याला बोकडाचा वास.
कार्ड माझ्या गालाशी धरून
बराच वेळ काही बोलली नाही.
"चार नंबर हाय तुहा," म्हणाली,
आणि काट्याचा आकडा
माझ्याकडं ओढत विचारलं,
"वजन किती?"