चार इंच

नदीने आमचं शेत खायला घेतलं तेव्हा
आजोबांनी तिच्या तोंडात मोटार कोंबली.
सदतीस सालची सेडान, चार दारांची,
आणि तिच्यामागे वायररोपने बांधलेल्या आणखी अकरा,
त्यात एक पाववाल्याची व्हॅनसुद्धा.
लूप नदीच्या काठाने तेव्हा सगळे असंच करत.
नेब्रास्कात दगड नव्हते,
मोडक्या गाड्या होत्या.

साठ वर्षं ती तिथे
काठात नाक खुपसून उभी.
मी लहानपणी तिच्या टपावर बसून
मासे धरायचे.

मी तिला उपटली तेव्हा एप्रिल होता.
ट्रॅक्टर पुढून घोड्यासारखा उठला,
मग चिखलाने तिला सोडलं, दाढ सोडतो तसं,
आणि खड्ड्यात गंजाचं लाल पाणी भरत गेलं.
बाबा कडेला उभे होते.
डेल्मार कुबिचेक, वय एक्याऐंशी,
डोक्यावर बियाणं कंपनीची टोपी.
एवढंच म्हणाले,
"ती कामावर होती."

त्या खड्ड्यात मी जुन्या सायलोचं काँक्रीट ओतून आले.
त्यांनी ते मोजलं नाही.

दारांच्या पोटातून निघाली दोन बादल्या वाळू,
शिंपल्या, उंदराचं वाळलेलं घर.
आजोबांचं काही मिळेल असं वाटलं होतं,
पाइप, पावती, निदान एक खिळा.
नदी घर झाडून ठेवते.

दोन हिवाळे गेले.
छप्पर चार इंच खाली घ्यायचं होतं.
टेप लावली, तीनदा मोजलं, रात्रभर झोपले नाही,
सकाळी ग्राइंडर फिरवला.
लोकांना वाटतं, कापलं की कमी होतं.
तसं नाही. छप्पर खाली आलं
की पुढचे तिरके खांब एकमेकांना चुकतात,
मग टप मधोमध चिरून लांब करावा लागतो.
हायरम स्टोल्झ वेल्डिंगच्या काचेआडून म्हणाला,
"बुटकं व्हायला जास्तीचा पत्रा लागतो, आर्लीन."
आणि मग त्याचं त्यालाच हसू आलं,
तो स्वतः पाच फुटांचा.

इंजिन अपघातातल्या एका पिकअपचं, आठ सिलिंडरचं.
बॉनेटच्या बाजू काढून टाकल्या,
दिसू दे काय चाललंय ते.
रंग गडद, पिकलेल्या चेरीचा,
पण मागच्या डाव्या दारावर
पाण्याची एक आडवी रेघ होती, अठ्ठावन्नपासूनची.
ती घासली नाही.
लॅकरखाली तशीच ठेवली.

ऑगस्टात ती पेटली.
आधी खोकली, मग पाइपातून ज्योत,
मग असा आवाज की शेजारच्या कुत्र्यांनी
भुंकायचंच सोडून दिलं.
बाबा घरातून आले. काठी टेकत.
दार उघडलं, वाकले,
टोपीचा बटण टपाला लागला.
दुसऱ्यांदा लागला.
मग त्यांनी टोपी काढली.
चेहरा विटेसारखा, आणि भुवयांच्या वर
कपाळ दुधासारखं पांढरं, उन्हाला कधीच न दिसलेलं.
मीही ते फार क्वचित पाहिलं होतं.

"कड्याकडे घे," म्हणाले.
"तिकडे हिला शेवटचं मीच नेलं होतं.
मी उडी मारली. ती गेली."

मक्याच्या दोन ओळींमधून गेलो, पहिल्या गिअरमध्ये,
कणसांचे तुरे काचेवर आपटत.
काँक्रीटच्या पलीकडून नदी वळसा घेत होती
आणि नव्याच जागी खात होती, आरामात.
बाबांनी बराच वेळ पाहिलं.
"कापलेले तुकडे कुठेत?"
"कसले?"
"टपाचे. चार इंचांचे."
फळीवर होते. चार खांबांचे चार. का ठेवले माहीत नाही.

त्याच संध्याकाळी मी ते टोकाला टोक जोडले.
सोळा इंचांची खुंटी झाली, जरा वाकडी.
बाबांनी स्वतः ठोकली ती कडेपासून दहा पावलांवर,
हात थरथरत, तीन घाव हुकले.

मार्च आला की ते विचारतात.
मी गाडी काढते, जाऊन बघून येते.
काल सात पावलं होती.