मोजमाप

सकाळी दहाले मी शाळेची चूल पेटवतो.
सिलिंडर दिवाळीपासून रिकामं हाय,
त्याच्यावर बसून चौथीतला लखमू पाढे म्हनते.
धूर डोळ्यात जाते, जाऊ दे.
धूर दिसते तरी,
फुंकलं तं बाजूले होते.

कुंपनापलीकडं, टेकामाच्या तुरीत,
ते जे उभं हाय, त्याले पोट्टे जिराफ म्हनत.
पयल्या दिवशी सारी शाळा पायाले गेली होती.
साहेबानं सांगतलं,
खाली कोळसा, कोळशात गॅस,
आधी पानी उपसा लागते, मंग गॅस वर येते.
म्या इचारलं, किती खाली?
म्हने, आठशे मीटर.
म्हनजे माह्या रिकाम्या सिलिंडरच्या
बरोब्बर खाली.

मंग रातची मशाल सुरू झाली.
कोंबडा दोनले आरवते,
मंग तीनले,
मंग उगाच.
गंजात आधन ठेवलं
तं उकळ्याच्या आधीच पानी थरथरते,
फळ्याखाली खडूची भुकटी सरकत जाते.
वास? कधी येते, कधी नायी.
ज्या दिवशी येते त्या दिवशी
प्रार्थनेत दोघं-तिघं खाली बसतात.
झिंगूच्या बिजलीचं नाक फुटलं,
नव्या निळ्या दप्तरावर थेंब पडले.
दप्तर कंपनीनंच देल्लं होतं.

मास्तर हजेरीत शेरा लिवतात:
डोके. खोकला. नाक. घरी पाठविली.
मले सारं वाचता येत नायी,
मी ताटं मोजतो.
एकेचाळीस घासत होतो,
आता अठ्ठावीस.

दवाखान्यातला डॉक्टर म्हने, हवा बदलली, बाई,
पोट्टयाईले पानी उकळून देत जा.
कोनतं पानी? विहिरीतलं?
त्याले उकळाची घाई आमच्यापेक्षा जास्त,
थंडंच फसफसते.

चौकशी आली वणीहून, दोन गाड्या भरून,
रविवारी.
शाळा बंद, जिराफ बी बंद.
आवाजाचं यंत्र व्हरांड्यात धरलं अर्धा घंटा.
मैदानात एक बकरी होती,
तिले कोनी काही इचारलं नायी.
कागद आला: आवाज मर्यादेत,
शाळेपासून अंतर पाचशे मीटर.

चौथीले तेव्हा लांबीचा धडा सुरू होता.
टेप नोहता, मास्तरानं माह्या विहिरीची दोरी मांगली.
मीटर-मीटरवर गाठ मारली, दहा गाठी,
अन् निंघाली सारी वरात
जिराफाच्या तारेपासून तिसरीच्या खिडकीपर्यंत.
लखमू पुढं, दोरीचं टोक छातीशी धरून.
एकोनीस दोऱ्या झाल्या.
उरलं तेवढं बिजलीनं पावलानं मोजलं.
सात. बारके सात.

पाचशे कुठून आले, ते मंग समजलं.
नकाशात शाळा अजून जुन्याच जाग्यावर हाय,
नाल्यापलीकडं,
जिथं छत पडलं होतं,
जिथं आता बाभळी शिकतात.

उत्तर फळ्यावर लिवलं,
खाली चौथीच्या साऱ्याईच्या सह्या,
लखमूची दोनदा.
तालुक्यातून फोन आला, फळा पुसा.
मास्तर म्हने, पुसतो,
अन् डस्टर हुडकत राह्यले सारा आठवडा.
डस्टर माह्या तांदळाच्या कोठीत होतं.
म्या काही कोनाले सांगतलं नायी.

आता मास्तराची बदली झाली.
नव्या बाईनं पयल्याच दिवशी फळा धुतला,
तिचा काय दोष, तिले कोन सांगनार.
दोरी तेवढी परत भेटली मले, गाठीसकट.
सोडवाले बसली तं एकबी सुटेना,
लेकराईनं दातानं आवळलेल्या.

पानी ओढतो तं तळहातातून जातात,
एक, दोन, तीन,
सातवी जरा जाड हाय.
दहावी गाठ हातात आली का बादली वर येते.
आधी मी नाक लावतो,
मंग घोटभर तोंडात धरतो,
मंग लेकराईले देतो.
नायी तं ओततो.

आज तीनदा ओतली.