गाडीची जीभ

गाडी विकताना झ्बिशेकने सगळं खरं सांगितलं:
क्लच नवा, मागचे टायर दोन हिवाळ्यांचे,
ड्रायव्हरकडची काच थंडीत जरा रुसते.
पडद्याबद्दल बोलला नाही.
त्याच्या लेखी पडद्याला काही झालंच नव्हतं,
सहा वर्षं तो त्याच्याशी पोलिशमध्ये बोलत होता.

मी बॉस्टनबाहेर पडले.
अमेरिकेतलं नव्हे, लिंकनशरमधलं,
कोबीच्या वासाचं हे बॉस्टन.
तेवढ्यात पडद्यातली बाई म्हणाली, झाव्रुच.
मी म्हटलं, काय गं?
झाव्रुच.
इथले रस्ते पट्टीने आखल्यासारखे, दोन्ही अंगांना काळे पाट,
चुकून वळलं तर थेट पाण्यात.
सहा मैल ती तेच म्हणत राहिली.
सहा मैल मी सरळ.

रविवारी गुडघ्यांवर गोधडी घेऊन गाडीतच बसले.
तीनशे बारा पानांचं पुस्तक सांगतं,
भाषा बदलायची तर तिसरी ओळ दाबा.
आणि तिसरीच ओळ मेलेली!
वरची चालते, खालची चालते,
मधली दोन बोटं रुंद पट्टी
काचेसारखी काच.

चष्म्याच्या कापडाने पुसलं.
स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर ओढून
केस वाळवायच्या यंत्राने शेक दिला.
आवाजाचं बटण दहा अंक मोजून दाबून धरलं,
मग वीस. मग रागाने, न मोजता.
भुवयांच्या चिमट्याने फ्यूज उपटला,
चुकीचा निघाला, वायपर बंद पडले,
पुन्हा बसवला.

मोहोळला धाकट्याचं मोबाइलचं दुकान आहे.
व्हिडिओवर बघून तो म्हणाला, एक ठेवून दे कडेला.
ठेवली.
रेडिओ लागला, हवामान सांगू लागला, तोही पोलिशमध्ये.
मग गंभीर होऊन म्हणाला,
ताई, डिस्प्ले गेला नाही, टच गेलाय.
त्याला दिसतं सगळं,
फक्त हात लावलेला कळत नाही.
मी म्हटलं, बरं. ठेवते.

सोमवारी जेवणाच्या सुटीत बोझेनाला गाडीत बसवलं.
आमच्या एक्स-रे विभागात ती ट्रॉल्या ढकलते.
सँडविच खातखात तिने वाचून दाखवलं:
येंझिक म्हणजे भाषा.
आणि हीसुद्धा, म्हणत तिने जीभ काढून दाखवली,
तिच्यावर अंड्याचा कण.
आणि झाव्रुच? मी विचारलं.
मागे फिर.
दोघीही हसलो.
मागे फिर म्हणणाऱ्यांचा मला सराव आहे,
बारा वर्षं झाली.

शेवटचा उपाय पुस्तकाच्या शेवटच्या पानांत होता.
दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचं काळं टोक सोडवलं,
पंधरा मिनिटं थांबले.
बोनेटवर गारा वाजल्या, थांबल्या.
जोडलं.
पडदा उजळला, नव्या बाळासारखा, कोरा,
झ्बिशेकचं घर विसरलेला, त्याचे फोन विसरलेला,
आणि पहिलाच प्रश्न केला: भाषा निवडा.
यादी आली.
इंग्रजी तिसऱ्या ओळीत.

नव्या पडद्याचे चारशे ऐंशी पौंड,
बसवणावळ वेगळी.
मी पाचवी ओळ दाबली. ओळखीची तरी.

आता मला डावं येतं, उजवं येतं,
तिसऱ्या चौकात बाहेर पड हे येतं.
बोझेना परवा म्हणाली, एक सांगू?
घरी पोचलीस की ती दोतार्वेश म्हणते ना,
ती तुला पुरुष समजते. बाईला वेगळं क्रियापद लागतं,
दोतार्वाश.
मी म्हटलं, आमच्यातही.
या देशात इतकी वर्षं
कुठल्याच क्रियापदाने ही चौकशी केली नव्हती.

रात्री ड्यूटी संपवून येते.
दाराशी कचऱ्याचे डबे, वाऱ्याने एक आडवा झालेला.
ती म्हणते, दोतार्वेश.
मी किल्ली काढते
आणि अंधारात तिला रोज सांगते,
पोचलो नाही गं,
पोचले.